ई-रीडरमधली आवराआवर

नवं किंडल सुरू केलं की त्यात माहितीपुस्तिका आणि शब्दकोश आधीच दिसतात. पुस्तिका वाचून झाली की खुशाल काढा. शब्दकोश मात्र राहू द्या. शब्दावर बोट दाबून धरल्यावर दिसणारा अर्थ तिथूनच येतो.

खरा गोंधळ होतो तो पुस्तकं काढताना. विकत घेतलेलं पुस्तक यंत्रावरून काढलं, तरी खात्यात राहतं आणि पुन्हा उतरवून घेता येतं. खात्यातूनच पुसलं, तर ते गेलं. अर्थात खातं म्हणजे घरचं कपाट नव्हे! जुलै २००९मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' कादंबरीच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या होत्या. कारण होतं प्रकाशन हक्कांचं. पैसे परत मिळाले, पण ओरड व्हायची ती झालीच.

यूएसबी केबलने स्वतः टाकलेल्या फाइलची प्रत खात्यात नसते. ती संगणकावर जपून ठेवा. केबल जोडल्यावर पुस्तकाच्या नावाशेजारी 'एसडीआर' असं शेपूट असलेले फोल्डर दिसतील. ते कचरा समजून उडवू नका. तुमच्या खुणा आणि वाचनाची जागा त्यांत नोंदलेली असते.

जागा खातात त्या स्कॅन केलेल्या पीडीएफ. शिवाय सहा इंची पडद्यावर डोळ्यांचे हाल होतात ते वेगळेच. मराठी पुस्तक ईपबमध्ये मिळालं, तर तेच घ्या. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. आणि संगणकावर हा सगळा संग्रह लावून ठेवायला कोविद गोयल यांनी सुरू केलेलं 'कॅलिबर' हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं.