तीन होड्या, दोन खाड्या



तुम्ही अंधेरीत, बोरिवलीत, मुलुंडला किंवा आमच्यासारखे घाटकोपरला राहत असाल, तर तुम्ही बेटावर राहता. शाळेत पाठ केलेली मुंबईची सात बेटं वेगळी. आपली उपनगरं त्यांत येत नाहीत. ती साष्टी बेटावर वसली आहेत. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची, पश्चिमेला समुद्र. माहीम आणि वांद्रे जोडणारा कॉजवे १८४५ साली झाला. त्याआधी तिथेही तरीवरूनच जावं लागे. आता आपण लोकलच्या दारात उभं राहून ती खाडी ओलांडतो आणि नाकाला रुमाल लावण्यापलीकडे तिची दखल घेत नाही.

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुलगा म्हणाला, "आईबाबा, गोव्याला जाऊन या, तिकिटं मी काढतो." आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "आधी गोराई तर बघू." गोराई, मनोरी, मढ ही नावं आम्ही आयुष्यभर बसच्या पाट्यांवर वाचत होतो.

बोरिवली पश्चिमेच्या जेट्टीवरून गोराईची बोट सुटते. तिला पर्यटनाची बोट म्हणणं म्हणजे लोकलला सहलीची गाडी म्हणण्यासारखं आहे. आधी मोटारसायकली चढल्या, मग गॅसची शेगडी घेतलेला एक गृहस्थ, दप्तरं, भाजीच्या पिशव्या आणि शेवटी रिकाम्या टोपल्या घेऊन घरी परतणाऱ्या मासेवाल्या बायका. त्यांतल्या एकीने आम्हां दोघांकडे पाहून विचारलं, कोणाकडे निघालात? नुसतंच फिरायला, असं सांगितल्यावर ती हसली. कामाशिवाय खाडी ओलांडणं तिला गमतीचं वाटलं असावं.

दोन्ही काठांना तिवरांची दाट रांग. चिखलातून वर आलेली त्यांची मुळं, मधूनच एखादा बगळा. तुळशी तलावाकडून निघणारी दहिसर नदी याच खाडीला येऊन मिळते. शहरात आपण तिला नाला म्हणतो. इथवर आली की तीही खाडीच होते. पलीकडे पॅगोडाचा सोनेरी कळस दिसतो. २००९ साली तो लोकांसाठी खुला झाला. आत एकही खांब नाही, एका वेळी आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. त्याच्याच शेजारी १९८९ साली सुरू झालेलं आणि आता बंद पडलेलं मनोरंजन उद्यान, पाळण्यांचं गावच. मुलगा लहान असताना तिथे नेण्यासाठी आमच्या किती मागे लागायचा! "बघ, गोंगाट गेला, शांतता राहिली," हे म्हणाले. मला काही ते पटलं नाही. मुलांचा गोंगाट मला आवडतो.

गोराईहून मनोरीपर्यंत रिक्षा केली. वाटेत माडांच्या रांगा, दारापुढे क्रूस असलेली बैठी घरं. इथले ख्रिस्ती स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलं. बोली मात्र मराठीच राहिली. एका आजींना मी पाण्याची बाटली कुठे मिळेल म्हणून विचारलं, तर त्यांनी घरात बोलावून तांब्याच पुढे केला. नऊवारी लुगडं, गळ्यात क्रूस. उत्तनपासून मनोरीपर्यंतच्या या पट्ट्याचं जुनं नाव धारावी बेट. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने इथला किल्लाही घेतला होता.

मनोरी ते मार्वे ही दुसरी बोट. बसून पदर सावरेपर्यंत पैलतीर येतो. ओहोटी असली तर मात्र चपला हातात घ्यायची तयारी हवी. तिथून अक्सा, एरंगळ करत मढला. एरंगळला समुद्राला लागूनच सेंट बोनाव्हेंचरचं पोर्तुगीजकालीन चर्च आहे. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी तिथली जत्रा भरते आणि हिंदू कोळीही नवस फेडायला येतात. अक्साला थांबलो, पण पाण्यात पाऊल घातलं नाही. तो किनारा दिसतो तितका भोळा नाही, दर पावसाळ्यात कुणी बुडाल्याच्या बातम्या वाचतोच आपण.

मढच्या कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील सुकत होते. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर जोडीजोडीने, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. हे निरखून बघत होते, म्हणाले, "चाळीस वर्षं झाली, आपलंही असंच." आजूबाजूच्या बायकांना हसू आवरेना. मी काय उत्तर दिलं ते आकाशवाणीवर सांगण्याजोगं नाही.

मढहून वेसाव्याला जाणारी बोट तिसरी. रस्त्याने हाच प्रवास मालाडवरून वीसेक किलोमीटरचा वळसा घालतो. पाण्यातून तो पाचेक मिनिटांचा. उतरलं की वेसावे कोळीवाडा, पुढे मेट्रो, आणि मेट्रोचं शेवटचं स्टेशन थेट आमचं घाटकोपर. दिवसभरात दोघांचं मिळून जे भाडं झालं, त्यात गोव्याच्या विमानतळावरचा चहाही आला नसता. हिशेब अर्थातच ह्यांनी केला.

आता मढ आणि वेसाव्यामध्ये पूल बांधायचं महापालिकेने ठरवलं आहे. पूल नको म्हणणं मला जमणार नाही. रात्री मढला कुणाच्या छातीत दुखू लागलं, तर त्याने भरतीची वाट बघत बसायची का? पण पूल झाल्यावर बोटी टिकतील, असंही मला वाटत नाही. म्हणून ज्यांना जायचं असेल त्यांनी या हिवाळ्यातच जावं. सुटे पैसे जवळ ठेवा, भरती-ओहोटीची वेळ आधी बघा, बिस्किटांचे कागद खाडीत टाकू नका, आणि जेट्टीला बोट लागली की टोपलीवाल्या बायकांना आधी उतरू द्या. त्यांना कामावर जायचं असतं, आपल्याला नाही.