मास्तरला कोण शिकवणार?



मी बुलडाणा जिल्ह्यातला झेडपीचा मास्तर. शिक्षकांच्या प्रशिक्षणावर बोलणार म्हटल्यावर मागचे दोघंतिघं चहाला उठले. बसा रे. आपल्या लेकरांचा सवाल आहे.

१८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनला निवेदन दिलं. नुसत्या शाळा काढा म्हणून थांबले नाहीत. मास्तर ट्रेनिंग दिलेला पाहिजे, होता होईल तो शेतकऱ्या-कष्टकऱ्यांतला पाहिजे, पोरांत मिसळणारा, वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला न लाजणारा. आणि पगार १२ रुपयांच्या खाली नको. म्हणजे मास्तर कोण, त्याला शिकवणार कोण, तो खाणार काय, हे तिन्ही सवाल त्यांनी एका दमात विचारले.

सरकारनं काय केलं? २००० साली शिक्षणसेवक काढला. तीन वर्षं, प्राथमिकला महिना ३,००० रुपये. त्याचे १६,००० व्हायला २०२३ उजाडलं. नव्या मास्तरनं जुन्याच्या वर्गात बसून शिकायचं, ती ही तीन वर्षं. ती गेली खोलीभाड्याचा हिशेब करण्यात.

आता आमच्या जळगाव जामोदला चला. सातपुड्याच्या पायथ्याला निहाल लोक आहेत. त्यांची निहाली बोलणारे उरले दोन-अडीच हजार. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं पक्कं लागत नाही. १९६२ साली क्वीपर नावाच्या डच पंडितानं तिच्यावर ॲमस्टरडॅमहून पुस्तक काढलं. आणि मी ह्याच जिल्ह्याचा, माझ्या डी.एड.च्या दोन वर्षांत निहालीचं नाव निघालं नाही! पहिलीतलं पोर गप्प बसतं. मास्तर शेरा मारतो, मंद आहे. मंद कोण?

तसं कागदावर सगळं आहे. १९८६च्या धोरणातून डाएट आली. दहा-बारा शाळांचं केंद्र आहे, महिन्याला शिक्षण परिषद आहे. कल्पना झकास. मास्तरांनी एकत्र बसावं, एकाच पाठावर भांडावं. पण माझ्या वाट्याला आलेल्या परिषदांत अर्धा दिवस माहितीचे तक्ते भरण्यात गेला. २०२०च्या धोरणानं वर्षाला ५० तास शिकणं सांगितलं, तर ते मोबाईलवर व्हिडिओ पळवून सर्टिफिकेट काढण्यावर आलं. दोन-शिक्षकी शाळेतला एक ट्रेनिंगला गेला की दुसरा चार वर्ग हाकतो, खिचडीही बघतो.

त्यात १ सप्टेंबर २०२५ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हा, नाहीतर घरी जा. मी परीक्षेच्या विरोधात नाही. आपल्या माणसाला गुणवत्ता नको असते, हा प्रस्थापितांचा जुना डंख आहे, त्याला दूध पाजू नका. पण वीस वर्षं ज्याला कुणी काही शिकवलं नाही, त्याची एका पेपरात झडती? आणि त्या पेपराची अब्रू काय? टीईटी घोटाळ्यात २०२२ला सात हजारांवर उमेदवार बाद झाले. पैसेवाल्यानं निकाल विकत घेतला. आमचा मास्तर आता कर्ज काढून खाजगी क्लास लावतोय.

चळवळीनं हे मागावं: भरपगारी अभ्यासरजा, बदली शिक्षक, आणि डाएटमध्ये फुकट तयारी. मोर्चात आपण पोरांच्या स्कॉलरशिपा मागतो, मास्तरच्या शिकण्याचा बोर्ड मी अजून एकाच्याही हातात पाहिला नाही.

आम्ही सातआठ जण महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर बसतो. एकानं पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी सोलायचा. सध्या पहिलीच्या पुस्तकातल्या शब्दांना निहाली शब्द गोळा करतोय. पोरांच्या आज्या सांगतात, आम्ही लिहितो. तुमच्यातल्या कुणाला यायचं असेल तर या. एसटी जळगाव जामोदपर्यंत आहे, पुढचं आम्ही बघू.