वाचकाच्या प्रश्नापासून आरंभ
(ग्रामपातळीवरील माहितीकार्याविषयीच्या एका अभ्यासवर्गातील भाषण)



एखादे माहितीपत्रक छापून झाले, त्याचे गठ्ठे गावोगाव रवाना झाले आणि पोच मिळाली, की काम पूर्ण झाले असे मानण्याची कार्यालयीन रीत आहे. अहवालात वाटलेल्या प्रतींची संख्या येते. त्यांपैकी किती प्रती उघडल्या गेल्या, कोणते पान वाचले गेले आणि कोणते तसेच राहिले, यासाठी मात्र रकाना नसतो. माहितीकार्यातील खरी उणीव या नसलेल्या रकान्यात आहे.

ही उणीव केवळ कागदाच्या अपव्ययापुरती मर्यादित नाही. पत्रकाच्या पहिल्या तीन पानांवर उद्घाटने, सत्कार आणि दौरे असतील आणि निराधार महिलेला अनुदानासाठी कोणते दाखले लागतात हे शेवटच्या पानावर बारीक टाइपात असेल, तर ती महिला अनुदानाला मुकते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत टळते आणि एका विद्यार्थ्याचे वर्ष अडचणीत येते. माहिती दिली होती, हे कार्यालयाचे उत्तर नियमाला धरून असले तरी त्यामुळे गेलेले वर्ष परत मिळत नाही.

पुण्याचा प्रयोग

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राच्या भूमीतच शोधले गेले होते. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे 150 गावे त्यासाठी निवडण्यात आली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम प्रसारित झाले. शेती, आरोग्य, साक्षरता, गावचा कारभार असे त्यांचे विषय होते.

ग्रामीण श्रोत्यांसाठी कार्यक्रम त्यापूर्वीही होत असत. या प्रयोगाचे वेगळेपण कार्यक्रम संपल्यानंतरच्या वेळेत होते. प्रत्येक गावातील मंडळाचे सदस्य एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. चर्चेचा वृत्तांत व सदस्यांचे प्रश्न मंडळाचा कार्यवाह पुणे केंद्राकडे पाठवी. त्यांतील प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. तोपर्यंत एकाच दिशेने वाहणाऱ्या माहितीला परतीची वाट मिळाली. काय सांगावे हे ठरवण्याच्या कामात ऐकणाऱ्याचाही वाटा निर्माण झाला.

प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी करण्यात आली, तेव्हा पहिल्या प्रकारच्या गावांत लोकांच्या माहितीत पडलेली भर पुष्कळच अधिक असल्याचे आढळले. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी सिद्ध केलेला वृत्तांत युनेस्कोने 1959 मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ही योजना देशाच्या इतर भागांतही नेण्यात आली.

प्रश्न कोठे सापडतात?

आज माहितीची साधने बदलली आहेत. बहुतेक घरांत भ्रमणध्वनी आहे आणि सूचनांचा ओघही वाढला आहे. तथापि परतीची वाट त्यामुळे आपोआप तयार होत नाही. ती शोधावी लागते. सुदैवाने त्यासाठी नवा विभाग किंवा वेगळा निधी आवश्यक नाही. बरीचशी सामग्री दप्तरातच असते.

गावच्या ग्रंथालयातील देवघेव नोंदवही हे अशा सामग्रीचे पहिले उदाहरण होय. कोणते पुस्तक हातोहात फिरते आणि कोणते वर्षानुवर्षे कपाटात राहते, हे ती नि:पक्षपातीपणे सांगते. दुसरे उदाहरण ग्रामसभेच्या कार्यवृत्ताचे. तिसरे शाळेचे. शासकीय पत्र समजून घेण्यासाठी पालक शिक्षकाकडे येतात. कोणत्या ओळीपाशी वाचणारा अडतो, हे त्या शिक्षकाइतके कोणालाच ठाऊक नसते.

चौथे साधन माहिती अधिकाराच्या अर्जांचे. 2005 च्या केंद्रीय कायद्यातील चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांवर स्वत:हून माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सोपवले आहे. लोकांना अर्ज करण्याची गरज कमीत कमी पडावी, हा त्यामागील हेतू आहे. स्थानिक भाषा आणि त्या भागात प्रभावी ठरणारी पद्धत विचारात घ्यावी, असेही तेथे नमूद आहे. एकाच विषयावर वारंवार अर्ज येत असतील, तर तो विषय सूचनाफलकावर आणि पत्रकाच्या पहिल्या पानावर यावयास हवा, हा त्याचा सरळ अर्थ होय. असे अर्ज कटकट मानले की ते फक्त निकाली निघतात. त्यांची वर्गवारी केली की पुढील वर्षाच्या पत्रकाची विषयसूची हाती येते.

आवड आणि गरज

यावर एक आक्षेप घेतला जातो. लोक जे वाचतात तेवढेच द्यावयाचे ठरवले, तर आवश्यक परंतु रुक्ष विषय मागे पडतील, असे म्हटले जाते. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु वाचकाकडे लक्ष देणे म्हणजे आवश्यक विषय गाळणे नव्हे. त्या विषयात प्रवेश करण्याचे दार बदलावयाचे असते.

ग्रामपंचायतीच्या जमाखर्चाचा तक्ता सहसा कोणी वाचत नाही. मात्र आपल्या वस्तीच्या रस्त्यासाठी किती रक्कम आली आणि काम कोठे थांबले, हे प्रत्येकाला हवे असते. तोच जमाखर्च वस्तीवार मांडला, तर तो फलकासमोर उभे राहून वाचला जाईल. क्षयरोगावरील निबंध न वाचणारा मनुष्य ‘खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर कोठे जावे?’ हे शीर्षक पाहून थांबतो. शासकीय आरोग्यकेंद्रात तपासणी व औषधोपचार मोफत आहेत, हे वाक्य त्याच्या नजरेस पडावे, एवढ्यासाठीच तर पत्रक काढलेले असते.

एक दक्षता मात्र घ्यावयास हवी. नोंदवहीत येतात ती ग्रंथालयात येणाऱ्यांची नावे आणि ग्रामसभेत बोलतात ते बोलण्याची सवय असलेले लोक. वर्षातील अनेक महिने गावाबाहेर राहणारा ऊसतोडणी कामगार, अक्षरओळख नसलेली वृद्धा, पाण्याच्या रांगेत दिवस घालवणारी गृहिणी यांचे प्रश्न कोणत्याच दप्तरात नसतात. ते अंगणवाडीच्या ओट्यावर, रास्त भाव दुकानापाशी आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात ऐकावे लागतात. ते वगळून केलेली विषयसूची पुन्हा काही मोजक्या मंडळींचीच ठरेल.

गाळण्याचे धैर्य

या सर्वांत कठीण भाग गाळण्याचा आहे. पत्रकाची पाने मर्यादित असतात आणि प्रत्येक शाखेला आपला मजकूर अपरिहार्य वाटतो. एखाद्या समारंभाचे छायाचित्र मागे ठेवून तेथे दाखल्यांची यादी छापण्यास थोडी नाराजी पत्करावी लागते. सभापती, सरपंच आणि मुख्याध्यापक यांनी ही जबाबदारी स्वत:हून स्वीकारली, तर काम सोपे होईल.

आरंभ लहान असला तरी चालेल. पुढील पत्रक सिद्ध करण्यापूर्वी मागील पत्रकाची एक प्रत घेऊन दहा घरी जावे. कोणते पान वाचले, कोणती ओळ उपयोगी पडली आणि काय शोधूनही सापडले नाही, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे जशीच्या तशी टिपून आणावीत. अहवालात वाटलेल्या प्रतींच्या संख्येशेजारी त्या उत्तरांसाठी एक रकाना वाढवला, तर 1956 साली सुरू झालेली परतीची वाट आपल्या गावापुरती पुन्हा खुली होईल.