ओहोळातलं लाकूड
(पाड्यावरच्या सभेत केलेले भाषण)



एकसाली प्लॉटांवर दुसरे साथी बोलणार आहेत. आम्ही फाट्यांवर बोलतो. हसू नका. प्लॉटची केस काही घरांवर आहे, पण मोळी आणताना गार्डला भ्याली नाही अशी एक तरी बाई इथे आहे का?

गेल्या पावसात ओहोळाला पूर आला आणि एक मोठे खोड वाहात येऊन काठाला अडकले. पान नाही, फांदी नाही, साल सगळी सोललेली. कसले झाड ते कोणालाच कळेना. पाणी उतरल्यावर आमच्या बाया कोयते घेऊन गेल्या. दोन मोळ्या झाल्या तोच गार्ड आले. त्यांनी चिखल खरवडला, पिवळे दिसले, आणि पंचनाम्यात लिहिले – साग. मग म्हणाले, अंगठे द्या.

आमच्यातली एक आजी पुढे झाली. जिथे चिखल मुरला नव्हता तिथे तिने कोयत्याने ढलपी काढली आणि आम्हाला दिली. म्हणाली, “वास घे पोरा. सागाला तेलकट, चामड्यावाणी वास येतो. याला हाये का? सागाची वर्सा-वर्साची वळी दिसतात, हे बघ, सपाट पिवळं. यो साग नाय, हेद हाये.”

गार्ड म्हणाले, हेद काय नि साग काय, इमारतीच ते!

हे त्यांचे बोलणे अर्धे खरे आहे, म्हणून नीट ऐका. आपण समजतो पडलेले झाड म्हणजे सरपण. पण १९२७ च्या वन कायद्यात, कलम २ मध्ये, पडलेले झाडही इमारती लाकडातच धरले आहे. आणि कलम ६९ सांगते की वनातला माल सरकारचाच समजायचा, तसा नाही हे दाखवायचे काम आपले. म्हणजे झाड वाऱ्याने पाडले तरी जबाब आपण द्यायचा. हा कायदा इंग्रजांनी केला, आणि तो अजून आपल्या चुलीपर्यंत येतो.

पण अर्धे खोटेही आहे. सागाची किंमत वेगळी, हेदाची वेगळी, आणि कागदावर जे नाव पडते त्यावर पुढचे सगळे चालते. म्हणून आम्ही अंगठे दिले नाहीत. ढलपी समोर धरली, ‘साग’ खोडून ‘हेद’ लिहायला लावले, मगच सही केली. लाकूड गेलेच, ते काही मिळाले नाही. कोयते मात्र परत आले. कोणी तडजोडीचे पैसे मागितले तर पावती घेतल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

झाड ओळखणे आपल्याच पोटासाठीही लागते. सावर, पांगारा डोक्यावर आणून उपयोग नाही, भुरकन जळतात, निखारा राहात नाही. धावडा जड, पण रात्रभर विस्तव धरतो. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी, ती पडली असली तरी बाजूला शोधली तर सापडते. खैर कापला की आत लालभडक आणि कडेला पांढरट. त्याला हात लावताना दहादा विचार करा, काताच्या धंद्यामुळे त्यावर सगळ्यांचा डोळा आहे.

आणि बिबा. कापलेल्या जागी चीक येऊन काळा पडला, तर ते लाकूड तिथेच टाका. आमच्याकडे एका पोरीने न ओळखता ते चुलीत घातले. धुराने तिचे तोंड एवढे सुजले की दोन दिवस डोळे उघडेनात. आजीला विचारले असते तर?

हे म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक आहे. आम्ही बारावीपर्यंत शिकलो, पण हेद आम्हाला ओळखता आला नाही. वारली एक नाव सांगतात, कोकणा दुसरे, कातकरी तिसरे, आणि गार्ड आपल्या वहीतले चौथे लिहितो. म्हणून पुढच्या सभेला प्रत्येक पाड्याने आपल्या रानातल्या लाकडांचे वीतभर तुकडे आणावेत, सालीसकट. म्हाताऱ्यांना पुढे बसवू, सगळी नावे वहीत लिहून घेऊ.

बिब्याचा तुकडा मात्र कोणी आणू नका.