तिकिटाचे पैसे आणि वाट पाहण्याचा वेळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आरोग्य, बालसंगोपन किंवा पाककृती असा विषय ठेवावा, अशी रीत आहे. यंदा विषय आहे बसगाडी. कोणाला तो रुक्ष वाटेल. परंतु आपल्यापैकी किती जणी सकाळी डबे भरून, मुलांची वेणीफणी करून स्टँडकडे धावतात, हे मनाशी मोजून पाहा. कोणी चाकणच्या कारखान्यात जाते, कोणी भोसरीला, कोणाची मुलगी पुण्याला कॉलेजात. ज्या गाडीवर घरातल्या बाईची नोकरी आणि मुलीचे शिक्षण अवलंबून असते, ती गाडी हा घरचाच प्रश्न आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, एसटीची पहिली गाडी सुटली. त्यापूर्वी मोटारी धावत नव्हत्या असे नाही. खाजगी मालकांच्या मोटारी होत्या; पण गाडी भरेल तेव्हा सुटावी, हा त्यांचा नेम. एसटीने नवे आणले ते दोन गोष्टींत : ठरलेली वेळ आणि ठरलेले भाडे. उतारू चार असोत वा चाळीस, वेळ झाली की घंटी वाजणार. खेड्यातली बाई एकटीने माहेरी जाऊ लागली ती या भरवशावर. पुढे १ जून २०२२ रोजी याच पुणे-नगर रस्त्यावर एसटीची विजेवर चालणारी 'शिवाई' धावली.

आपल्या बाजूची हकीकत अशी. पिंपरी-चिंचवडची शहर बससेवा १९७४ साली सुरू झाली. २००७ मध्ये ती आणि पुण्याची सेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. ८ मार्च २०१८ रोजी महिलांसाठी 'तेजस्विनी' गाड्या निघाल्या आणि २०१९ मध्ये विजेच्या बसगाड्या आल्या. ६ मार्च २०२२ रोजी मेट्रो सुरू झाली, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून पिंपरीहून थेट स्वारगेटपर्यंत जाता येऊ लागले. आळंदीहून बसने नाशिक फाट्यापर्यंत गेले, की पुढे शिवाजीनगरची गर्दी टाळता येते. ही प्रगती मोठी आहे आणि तिचे कौतुक केलेच पाहिजे.

आता सवलतींविषयी. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील वृद्धांना एसटीचा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना एसटीचे तिकीट निम्मे झाले. पंढरपूरला, माहेरी, दवाखान्यात जाताना आपण सर्वांनी तिचा लाभ घेतला आहे. पण ही सवलत एसटीची आहे. आळंदीहून भोसरीला किंवा पुण्याला रोज जाणारी बाई बहुधा पीएमपीएमएलच्या गाडीत बसते, आणि तेथे ती सवलत नाही. उलट १ जून २०२५ पासून तेथील किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. म्हणजे वर्षातून चार वेळा माहेरी जाणाऱ्या बाईला आधार मिळाला आणि रोज कामाला जाणाऱ्या बाईवर भार पडला. हा कोणाचा दुष्टावा नाही. दोन संस्था निराळ्या, त्यांची तिजोरी निराळी. परंतु पदरातून पैसे काढणारी बाई एकच आहे.

मग सगळा प्रवास मोफतच का करू नये, असा प्रश्न येतो. असे करणारा एक देश आहे. युरोपात लक्झेंबर्ग नावाचे चिमुकले राज्य आहे. आपल्या पुणे जिल्ह्याचे सहा भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढे ते भरेल. तेथे २९ फेब्रुवारी २०२० पासून देशभर बस, ट्राम आणि आगगाडी सर्वांना मोफत झाली. आगगाडीच्या पहिल्या वर्गाला तेवढे तिकीट राहिले. हे त्यांना परवडले कसे? तिकिटांतून त्यांना वर्षाला सुमारे ४ कोटी युरो मिळत आणि खर्च होता ५० कोटींच्या वर. तिकिटाचा वाटा दहाव्या हिश्श्याहूनही कमी होता. तो सोडून देणे त्या श्रीमंत देशाला जड गेले नाही. आपल्याकडे बस चालते ती मोठ्या अंशी तिकिटाच्या पैशावर. तेव्हा त्यांची नक्कल जशीच्या तशी होणार नाही.

तरीही त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तिकीट गेले म्हणून तेथल्या मोटारी नाहीशा झाल्या नाहीत. ज्याच्या दारापासून गाडी वेळेवर मिळत नाही, तो फुकट असली तरी तीत बसत नाही. हे ओळखून त्यांनी ट्राम वाढवली. १९६४ साली बंद पडलेली ट्राम २०१७ मध्ये पुन्हा सुरू केली आणि २०२५ मध्ये विमानतळापर्यंत नेली. दुसरे असे की, तेथे बसमधून उतरून आगगाडीत चढताना दुसरे तिकीट काढावे लागत नाही.

ही दुसरी गोष्ट आपल्या विशेष कामाची आहे. पुरुष बहुधा घरून कामावर आणि कामावरून घरी येतो. बाईचा प्रवास साखळीसारखा असतो. वाटेत मुलाला शाळेत सोडायचे, सासूबाईंचे औषध आणायचे, बँकेत डोकवायचे, येताना भाजी घ्यायची. प्रत्येक टप्प्याला नवी गाडी, नवे तिकीट आणि नव्याने वाट पाहणे. तिकिटाला जे पैसे जातात ते दिसतात. वाट पाहण्यात जो वेळ जातो तो कोणी हिशेबात धरीत नाही. मी म्हणते, खरे महागडे भाडे तेच आहे. संध्याकाळी गाडी चुकली तर ते दामदुपटीने भरावे लागते. अंधारात रिक्षा भरेपर्यंत थांबायचे आणि घरी सर्वांच्या नजरेला उत्तर द्यायचे. अशा दोन-चार संध्याकाळी झाल्या, की घरातले म्हणतात, 'सोड ती नोकरी.' मुलीचे कॉलेजही कधी कधी असेच सुटते. भरेल तेव्हा सुटणारी रिक्षा ही १९४८ पूर्वीचीच पद्धत आहे. कारखान्यांच्या पंचक्रोशीत राहून आपण पुन्हा तिच्यावर विसंबावे, हे बरे नव्हे.

आपली एक अडचण आणखी आहे. पीएमपीएमएलची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका भरून देतात. आळंदीची नगरपरिषद वेगळी. त्या दोन्ही सभागृहांत आपला प्रतिनिधी बसत नाही. म्हणून आपल्याला अधिक व्यवस्थितपणे बोलावे लागेल.

आणि व्यवस्था होऊ शकते, हे आळंदीकरांना कोणी सांगायला नको. कार्तिकी एकादशीला आणि माउलींच्या पालखीच्या प्रस्थानाला जादा गाड्या येतात, तात्पुरते थांबे उभे राहतात, लाखो माणसे येतात आणि सुखरूप जातात. ती वारी वर्षातून दोनदा. कामावर आणि शाळा-कॉलेजात जाणाऱ्या स्त्रियांची वारी मात्र रोजची आहे. तिच्यासाठी त्या नियोजनाचा शतांश लागला तरी पुरे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. नुसते निवेदन देऊन भागत नाही. निवेदनाला आकड्यांचा आधार हवा. एक साधी वही घालावी. महिनाभर प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या थांब्यावर किती वाजता आली, गाडी किती वाजता मिळाली, दिवा होता की नाही, हे तीत लिहावे. महिनाअखेर गोषवारा काढून तो आगारप्रमुख, नगरपरिषद आणि आमदार यांच्याकडे न्यावा. मागण्या तीनच असाव्यात : पाळीच्या वेळेला धरून गाड्या, थांब्यावर दिवा आणि निवारा, आणि बस व मेट्रोला मिळून एकच तिकीट. स्त्रियांच्या निम्म्या भाड्याची मागणी त्यानंतर करावी. ती रास्त आहे, पण न आलेल्या गाडीचे निम्मे तिकीट घेऊन काय करायचे?

घरखर्चाचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो. तशीच ही मिनिटांची वही ठेवू या. पहिली नोंद सोमवारच्या सकाळच्या गाडीची व्हावी, एवढे सांगून मी आपली रजा घेते.