गाडीलाही खुंटा हवा

हिर्डोशी खोऱ्यातल्या बचत गटांच्या आम्ही बायका आज तुमच्याशी मोटारसायकलच्या कुलपाबद्दल बोलणार आहोत. हा विषय पुरुषांचा, असं कुणी म्हणेल. पण दूध डेअरीला जातं ते गाडीवर. पोरं शिरवळला कंपनीत जातात ती गाडीवर. रात्री-अपरात्री बाळंतिणीला भोरला न्यायचं तरी आधी गाडीच आठवते. आणि कित्येक घरांत गाडी घेतली आहे ती गटाच्या कर्जातून. गाडी चोरीला गेली तरी हप्ता थांबत नाही. तो भरायचा आपल्यालाच. म्हणून कुलूप कोणतं, हे आपणही विचारायला हवं.

आधी हँडल लॉकचं बघू. ते रोज लावायचंच. पण आत एक छोटा खिळा असतो, तेवढ्यावरच हँडल अडकलेलं असतं. जोराचा हिसका बसला की तो तुटू शकतो. त्यामुळे नुसत्या हँडल लॉकवर विसंबू नका.

बाजारात डिस्क लॉक मिळतं. ते डिस्क ब्रेकच्या चकतीच्या भोकात बसतं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना ड्रम ब्रेक असतो, त्यांना ते लागतच नाही. तेव्हा घेण्याआधी चाकाला चकती आहे का ते पाहा. डिस्क लॉक लावलं तर हँडलला रंगीत दोरी बांधून ठेवा. नाहीतर कुलूप विसरून गाडी पुढे ढकलली की माणूस पडतो.

प्लॅस्टिकच्या नळीतली तारेची वायर स्वस्त असते, पण साध्या कटरनेही ती तुटते. हेल्मेट अडकवायला ठीक, गाडी राखायला नाही. साखळी घ्यायची तर कडक केलेल्या पोलादाची घ्या. कडी निदान १० मिलीमीटर जाड हवी. कुलपाचा दांडाही तेवढाच जाड हवा, नाहीतर चोर साखळी सोडून कुलूपच तोडतो.

आता मुख्य गोष्ट. आपण म्हशीच्या गळ्यात दावं अडकवून तिला तशीच सोडतो का? दावं खुंट्याला बांधतो. गाडीचंही तसंच. चाकाला कुलूप आहे, पण गाडी कशालाच बांधलेली नाही, तर दोन माणसं ती उचलून टेम्पोत टाकतात. कापूरहोळला महामार्गाला लागली की मग ती कुठे शोधायची? म्हणून साखळी मागच्या चाकातून आणि चाक धरणाऱ्या लोखंडी चिमट्यातून घाला, आणि न हलणाऱ्या वस्तूला बांधा. पुढचं चाक काढणं सोपं असतं, म्हणून मागचं. साखळी नुसत्या तारांमधून घालू नका, रिमला वेढा बसला पाहिजे.

घरी खुंटा करायला फार खर्च नाही. १६ मिलीमीटरची सळई वाकवून तिचं कडं करा. दोन्ही टोकं बाहेर वळवा आणि फूटभर खोल खड्ड्यात काँक्रीटमध्ये गाडा. गावात बांधकाम चालू असेल तर गवंडी सहज करून देईल. लाकडी मेढीला बांधू नका, साखळी वरून निघून येते. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीवर कटरचा एक दांडा टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार देता येतो. साखळी ताठ आणि वर ठेवा.

भोरच्या बाजारात किंवा मांढरदेवीच्या यात्रेत कडं कुठून आणणार? तिथे दोन गाड्या एकमेकींना बांधा. दोन जड गाड्या एकत्र उचलणं अवघड जातं. आणि ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून चावी गाडीला ठेवू नका.

आपल्याकडे पावसाळ्यात कुलूप गंजतं. मग कुलूप लावायचाच कंटाळा येतो. चावीचं भोक खाली राहील असं लावा आणि अधूनमधून तेलाचा थेंब सोडा.

तरी कोणतंही कुलूप चोराला उशीर करतं, कायमचं अडवत नाही. म्हणून विमा पाहा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. त्यामुळे ‘आपला विमा पाच वर्षं आहे’ असं आपण समजतो. पण चोरीची भरपाई देणारा भाग बहुतेक वेळा पहिल्या वर्षापुरताच असतो. पुढे तो दरवर्षी घ्यावा लागतो. कागद काढून तारीख बघा. दुसरी चावीही जपून ठेवा, भरपाई मागताना विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते.

गाडी गेलीच तर ११२ ला फोन करा आणि त्याच दिवशी तक्रार द्या. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्याने कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते, हद्द आड येत नाही. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. मग लगेच विमा कंपनीला कळवा. त्यासाठी गाडीचा नंबर, चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गटाच्या वहीत आजच लिहून ठेवा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. ज्यांच्या घरी गाडी आहे त्या प्रत्येकीला विचारा, ‘तुझी गाडी रात्री कशाला बांधलेली असते?’ उत्तर नसेल तर चार-पाच घरांनी मिळून एकदाच गवंडी बोलवा.