ओळखलंत का?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या उद्घाटन समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)

लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या पण नावं माहीत नसलेल्या मंडळींनो,

कमिटीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘आठवणी’. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हाती आठवणी आणि माईक एकदम देणं म्हणजे, आमच्या बँकेच्या भाषेत, विनातारण कर्ज. पण दिलंय खरं. पाणी, पार्किंग आणि गच्चीचं लिकेज यांच्या आठवणी पुढचे वक्ते सांगतीलच. मी अनोळखी माणसांबद्दल बोलणार आहे. कारण या सोसायटीत मी आलो तोच एका अनोळखी माणसाच्या झोपेमुळे.

1997 साल असेल. मी तेव्हा फोर्टमधल्या शाखेत होतो. व्हीटीचं नाव बदलून वर्ष झालं होतं, पण आम्ही व्हीटीच म्हणायचो. अजूनही म्हणतो. संध्याकाळची कल्याण फास्ट. मला चौथी सीट मिळाली होती. चौथी सीट म्हणजे काय हे इथे कुणाला सांगायला नको. तिघांच्या बाकावर चौथ्याने अर्ध्या बुडावर टेकायचं आणि बाकीचं अर्धं वजन देवाच्या हवाली करायचं. ठाणं जवळ आलं तसं शेजारच्या गृहस्थांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी खांदा हलवला. डोकं उचललं गेलं, पुन्हा आलं. दोन-तीनदा असं झाल्यावर मी नाद सोडला. समोर उभा असलेला एक जण म्हणाला, “तुमचे बंधू फार दमलेत वाटतं.” मी म्हटलं, “हो, दमलेत.” आता एवढ्या गर्दीत खुलासा कुठे करत बसणार?

डोंबिवलीला उतरायचं तर ठाणं सुटतानाच उठून दाराकडे सरकावं लागतं. पण मी उठलो तर हे गृहस्थ सरळ समोरच्याच्या जेवणाच्या डब्यावर. पारसिकच्या बोगद्यात तेव्हा गाडीचा एवढा धडधडाट व्हायचा, म्हटलं, आता उठतील. छे! बोगदा संपला, डोंबिवली आली, गेली. मी भिडस्त माणूस. बसून राहिलो.

कल्याणला गाडी रिकामी झाली तेव्हा ते जागे झाले. बाहेर बघितलं आणि माझ्यावरच उखडले, “अहो, हे कल्याण! मला डोंबिवलीला उतरायचं होतं. उठवायचं नाही का?”

मी म्हटलं, “मलाही तिथंच उतरायचं होतं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आपल्या ओल्या खांद्याकडे. म्हणजे माझ्या. पुढे प्लॅटफॉर्मवर चहा त्यांनीच पाजला आणि परतीच्या स्लो गाडीत, ठाकुर्ली येईपर्यंत, सांगून टाकलं की आम्ही काही लोक मिळून सोसायटी काढतोय, तुमचं नाव घालू का? नाव घातलं. त्यांचं नाव मी घेत नाही. ते पहिल्या रांगेत बसलेत, आणि आत्ताही त्यांचे डोळे मिटलेले आहेत.

हा झाला फायद्याचा व्यवहार. आता तोट्याचा सांगतो.

छत्तीस वर्षं नोकरी, त्यातली बरीच काउंटरच्या मागे. आमच्या तरुणपणी पितळी टोकन असायची. “सत्तेचाळीस!” असं कॅशियर ओरडला की एक माणूस उठून पुढे यायचा. माणसांना नंबर होते आणि आमच्या डोक्यात चेहऱ्यांऐवजी सह्या होत्या. सही दाखवा, मी खातं सांगत असे. चेहरा दाखवला की पंचाईत. गिऱ्हाइकाला मात्र बँकेतला साहेब एकच असतो, तो त्याला पक्का लक्षात राहतो. त्यामुळे बाजारात, स्टेशनात, लग्नात कुणीतरी समोर उभा राहायचा, “काय साहेब, ओळखलंत का?”

“नाही” म्हणायचं मला कधी जमलं नाही. मी एक पद्धत बसवली होती. आधी भरघोस हसायचं. “अरे वा, ओळखणार नाही कसं!” मग, “हल्ली कुठे असता?” आणि तेवढ्यात ओळख पटली नाही तर हुकमी प्रश्न, “वहिनी काय म्हणतात?” वहिनी प्रत्येकाला असतातच. ही पद्धत वीस वर्षं बिनबोभाट चालली. आमच्या सौभाग्यवती म्हणायच्या, सरळ सांगा ना ओळखलं नाही म्हणून, त्यात काय जातं? मी म्हणायचो, तुला पब्लिक रिलेशन कळत नाही.

गणपतीच्या आधीची दादरची गर्दी. रानडे रोडवर एका गृहस्थांनी माझा हात धरला. माझ्याच वयाचे, हातात पिशवी, पिशवीत मखराचं सामान. “ओळखलंत का साहेब?” मी हसलो. ओळखणार नाही कसं म्हटलं. हल्ली कुठे असता विचारलं. ते सांगू लागले, पण आवाजात काही लागेना. मग मी विचारलं, “आणि वहिनी काय म्हणतात?”

त्यांनी हात सोडला नाही. हळू आवाजात म्हणाले, “साहेब, तिच्या खात्याचा क्लेम तुम्हीच पास केलात.”

मागून लोक ढकलत होते आणि मला पुढे सरकता येत नव्हतं. ते म्हणाले, “कागद अपुरे होते. तुम्ही मला बसायला खुर्ची दिलीत, पाणी मागवलंत आणि फॉर्म स्वतः भरून दिलात. तेव्हा बोलायचं राहून गेलं. आज दिसलात म्हणून थांबवलं.” वर मलाच म्हणाले, “असू दे हो, तुमच्याकडे रोज किती माणसं येतात.”

म्हणजे तो माणूस आभार मानायला आला होता. मी केलेलं एक बरं काम त्याला आठवत होतं, आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून वहिनींचा प्रश्न बंद. समोरचा कितीही मोठ्याने हसला तरी मी सांगतो, माफ करा, ओळखलं नाही. सुरुवातीला जड गेलं. एका दिवाळीत पहाटे फडके रोडवर एक जण हसत हसत थेट माझ्याकडे आला. त्याने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, “माफ करा, ओळखलं नाही.” तो म्हणाला, “मीही नाही. तुम्ही मघापासून माझ्याकडे बघून हसताय म्हणून आलो.” मी हसत नव्हतो. कवळी नवी होती, ओठ मिटत नव्हते.

हल्ली वेगळीच अडचण झालीय. पूर्वी लक्षात ठेवत नव्हतो, आता राहत नाही. परवा लिफ्टमध्ये एका मुलीला विचारलं, “कुठल्या मजल्यावर जायचंय बाळ?” ती म्हणाली, “काका, मी तुमच्या समोरच्या दारातली.” तीन वर्षं राहतेय. परवाच्या पावसात माझ्या खिडक्या तिनेच येऊन लावल्या होत्या. मी तिला म्हटलं, नाव पुन्हा सांग, आणि घरी जाऊन कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

माझी दहा मिनिटं संपली, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. खाली जेवण तयार आहे. ताट घेऊन माझ्याकडे या, नाव, विंग आणि फ्लॅट नंबर सांगा. मी हसलो म्हणजे ओळखलं असं कृपया धरू नका. आणि पहिल्या रांगेतल्या आमच्या मित्राला कुणीतरी उठवा, नाहीतर तो पुन्हा माझ्यावरच उखडेल.